खिडकीसमोरचे तीन खुंट

४ फेब्रुवारी

जावईबापू,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचे असतात. पण मला विमानतळावर सोडताना तुम्ही गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाहीत, तेव्हा माझे आशीर्वाद तुम्हाला चालतील की नाही कोण जाणे. ते तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवले आहेत. हवे तेव्हा मागून घ्या.

मी सुखरूप पोचले. धाकटी घ्यायला आली होती. मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच तिने तुमचा निरोप वाचून दाखवला. आईंना सांग, सध्या फोन करू नका. ठकीलाही करू नका. बर्फ गेलं की खिडकीपुढे फरशी घालून घेणार आहे, फरशीवाल्याशी बोलणं झालंय. झालं, एवढंच. माझा नंबर तुम्ही बंद करून टाकलाय हे मला संध्याकाळी कळलं, कारण नको म्हटलेलं ऐकणं माझ्या स्वभावात नाही. पण पत्राला तुम्ही नको म्हणाला नाहीत, म्हणून लिहिते.

मेलेली तीन झुडपं कापली म्हणून कोणी सासूला घराबाहेर काढल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. रागावू नका, मला बोलू द्या. तिथे तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत.

माझे व्हिसाचे कागद होईपर्यंत थोरली गेली. मी आले तेव्हा दारामागे तिचा कोट होता, कंगव्यात तिचे केस होते. आईला लेकीच्या घरी येऊन एवढंच मिळालं. तुम्ही लिफ्टदुरुस्तीच्या कामावर जायचात, ठकी शाळेत, आणि मी त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहून भांडी घासायचे. खिडकीच्या बरोबर समोर त्या तीन झुडपांच्या काड्या. एक पान नाही. रोज तेच बघायचं, आणि रोज मनात यायचं की पोर आजारी पडल्यावर यांना कोणी पाणी घातलं नसणार, तिच्यामागे हीही गेली. ठकी दूध पिताना त्याच खिडकीतून बघायची. मला ते सहन होईना.

मोठ्या झाडांची पानं थंडीत गळतात हे मी रस्त्यावर पाहिलं होतं, मी काही आंधळी नाही. पण समोरच्या बाईंच्या कुंपणाची झुडपं भर बर्फात हिरवीगार होती. मग झाडाची पानं गळतात, झुडपाची गळत नाहीत, असा हिशेब मी केला. त्यात काय चुकलं? शिवाय मी शेंडा नखाने खरवडून पाहिला होता. आतून तपकिरी, कोरडा, मोडला की कटकन आवाज. आमच्या हवेत अशी काडी म्हणजे सरपण. उपटायला गेले तर जमीन दगडासारखी, म्हणून तुमच्या कपाटातली करवत घेतली आणि जमिनीलगत कापलं. बोटं बधिर झाली होती. तुम्ही आल्यावर तुम्हाला जरा मोकळं वाटेल, असं मला वाटलं होतं.

तुम्ही आलात आणि कामाची पिशवी मांडीवर धरून पायरीवर बसलात. ‘ती फुलायची वाट बघत होतो मी’, एवढंच म्हणालात. दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मला झाडांतलं कळत नाही असं म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही. शाळेत शिवण शिकवायचे, तेव्हापासून लोक मला शिवणबाई म्हणतात, पण दारात येतात ते झुडपांचं विचारायला. मी कोणाला पहिल्यांदा माती विचारत नाही, ऊन विचारत नाही. मी विचारते, भांडी घासताना खिडकीतून काय दिसतं? बाकीची बाग पाहुण्यांसाठी असते, पण त्या खिडकीसमोरचं झुडूप रोज दोन वेळा बघावं लागतं. ते चुकलं की सगळं चुकलं. धाकटी समुद्राकाठी राहायला गेली तेव्हा तिला गुलाब हवे होते. मी म्हटलं, खारा वारा तुझ्या गुलाबाचा कोळसा करील, कण्हेर लाव. आता ती कण्हेर तिच्या कमरेच्या वर गेली आहे आणि बारा महिने फुलते. थोरलीलाही मी हाच प्रश्न शिकवला होता. म्हणून तर तिने ती तीन झुडपं नेमकी त्या खिडकीसमोर लावली.

तर फरशीचं. घाला. चांगला विचार आहे. खुंट बघत बसण्यापेक्षा फरशी बरी. कडेने मोठ्या कुंड्या ठेवा, आणि थंडीत आत उचलून नेता येईल असं काहीतरी लावा. बुटकी जास्वंद चालेल, दिवाणखान्याच्या काचेशी ऊन येतं तिथे तग धरील. मातीचं प्रमाण मी कळवते. ठकीला कुंड्या रंगवू द्या.

ठकीची आजी


१९ फेब्रुवारी

जावईबापू,

फरशी घालू नका.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुम्ही पुढचं वाचाल की नाही माहीत नाही. फरशी घालू नका, कुदळ लावू नका, त्या खुंटांना कोणाला हात लावू देऊ नका. मागच्या पत्रात मी ‘घाला’ लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाका.

काय झालं ते सांगते. आमच्या गल्लीत नवे दाताचे डॉक्टर आलेत. त्यांची बायको बर्फाच्या मुलखात वाढलेली. काल ती दारात आली, म्हणाली, माझ्या खिडकीसमोर भिंत आहे आणि दिवसभर भाजतं, काय लावू? मी तिला घाणेरी सांगितली. तापलेल्या भिंतीशी ती जोमाने येते, पाणी विसरलं तरी रुसत नाही. मग चहा झाला, आणि बोलता बोलता मी तुमची गोष्ट काढली. खरं सांगायचं तर मी तुमची तक्रार करत होते. असा कसा जावई, असं तिने म्हणावं म्हणून सांगत होते.

तिने कप खाली ठेवला.

‘आजी, ती मेली नव्हती हो,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडे सगळी तशीच दिसतात. थंडीभर काड्या. आणि फुलाच्या कळ्या त्या काड्यांवरच असतात, आदल्या उन्हाळ्यात धरलेल्या.’

‘आणि ते समोरचं हिरवं कुंपण?’

‘ती जातच वेगळी. ती नाही झडत.’

‘पण मी शेंडा खरवडला होता. कोरडा होता.’

‘शेंडा जळतोच थंडीने. खाली खरवडायचं होतं.’

माझ्या तोंडात कोणी मारल्यासारखं झालं. शेंड्यापासून वीतभर खाली नख लावलं असतं तर हिरवं दिसलं असतं. दुसऱ्याच्या झाडाला सांगताना मी हजारदा सांगते, खाली बघ, आणखी खाली बघ. त्या दिवशी मला बघायचंच नव्हतं बहुतेक. थोरली गेली म्हणजे तिचं सगळं गेलं, हे मी आधीच धरून चालले होते.

म्हणजे तुम्ही पायरीवर बसून बोललात ते दुःखाने बरळलेलं नव्हतं. तुम्ही खरंच फुलं यायची वाट बघत होतात. तिने लावलेली, कळ्या धरलेली झुडपं मी कापली.

पण पुढे ऐका. डॉक्टरांच्या बायकोने विचारलं, मुळं काढलीत का? मी म्हटलं, नाही, जमीनच खणवेना. ती म्हणाली, मग बर्फ जाईपर्यंत थांबा, अशी झुडपं खालून फुटतात, नेहमीच नाही, पण फुटतात. तिने मला नावंही विचारली. मला तुमच्या कपाटातले कागदी बिल्ले आठवले, थोरलीने रोपं आणली तेव्हाचे. एक फोर्सिथिया, पानांच्या आधी पिवळी फुलं येणारी. एक हायड्रेंजिया, मोठ्या गेंदाची. आणि एक लायलॅक, वासाच्या जांभळ्या तुऱ्यांचं. तिन्ही फुटू शकतात, असं ती म्हणाली.

जमीन गोठलेली होती म्हणून मुळं वाचली. तुम्ही ती फरशीखाली घालू नका. माझ्यावर राग असू द्या, हवा तेवढा, जन्मभराचा असू द्या. फरशीवाल्याला तेवढं थांबवा.

पत्र पोचायला किती दिवस लागतात देव जाणे. तुमच्याकडचं बर्फ कधी जातं? आमच्याकडे पंखे सुरू झाले.

ठकीची आजी


६ मार्च

जावईबापू,

काही उत्तर नाही. मी धाकटीच्या हातापाया पडून तुम्हाला तिच्या फोनवरून निरोप पाठवायला लावला. तिने दोन ओळी लिहिल्या. तुम्ही वाचल्याची खूण आली, उत्तर नाही आलं. धाकटी म्हणाली, ‘आई, आता पुरे. त्याला सोड जरा. त्याची बायको गेलीय.’

‘माझी लेक गेलीय,’ मी म्हटलं.

‘माझीही बहीण गेलीय. मी करतेय का कोणाला फोनवर फोन?’

त्यानंतर आम्ही दोघी बोललोच नाही. ती तिच्या समुद्राकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की तुझ्या पत्रांत तो झुडपांबद्दल वाचेल आणि त्याला कळेल की तू झुडपांबद्दल लिहीत नाहीयेस. ती लहानपणापासून अशीच आगाऊ आहे.

पण बरोबर बोलली. तुमच्यापासून काय लपवू. मला ठकीला बघायचंय. तिचा पुढचा दात पडायला आला होता, तो पडला का? ती झोपताना उजवा हात गालाखाली घेते, थोरलीसारखा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले होते. माझ्या लेकीचं या जगात जे काही उरलंय ते तुमच्या घरात आहे, आणि त्या घराचा दरवाजा माझ्या करवतीने बंद झालाय. हे असं आहे. मी झाडांचं लिहिते कारण झाडांचं लिहिताना ओळी सरळ येतात.

फरशीवाला कधी येणार तेवढं तरी कळवा. एका शब्दात कळवा. अंगणाचा फोटो पाठवा धाकटीला, खाली काही लिहूसुद्धा नका. ते खुंट दिसले की मी गप्प बसेन.

तुम्ही म्हणाल, सासूबाई, फरशी माझ्या अंगणात, पैसा माझा, तुम्ही कोण? बरोबर आहे. मी कोणी नाही. पण ती झुडपं लावताना थोरलीने मला फोन केला होता हे तुम्हाला ठाऊक आहे का? तेव्हा ती बरी होती. मी तिला तगर आणि मोगरा सांगितला. ती खूप हसली. म्हणाली, ‘आई, इथे मोगरा लावला तर तो मला कोर्टात खेचेल.’ मी रागावले होते. मला वाटलं, परदेशी गेली आणि आईच्या झाडांना हसायला लागली. तिने तिकडच्या थंडीला पेलणारी झुडपं स्वतः शोधली, रोपवाटिकेच्या बाईला विचारून विचारून. बर्फ वितळलं की पिवळी, मग जांभळी वासाची, मग उन्हाळाभर गेंद. एक संपलं की दुसरं. मला ती आनंदाने सांगत होती आणि मी हं हं करत होते.

आज सकाळी मी एक वेडेपणा केला. तो पुढच्या पत्रात सांगते, आता लिहवत नाही.

ठकीची आजी


२२ मार्च

जावईबापू,

मी माझी जास्वंद कापली.

दारातली, तांबडी, छपराला टेकलेली. तुम्ही लग्नानंतर पहिल्यांदा आलात तेव्हा तिच्याखाली तुमची खुर्ची टाकली होती आणि मुंग्या तुमच्या सदऱ्यात शिरल्या होत्या. ती जमिनीलगत कापली, तिथल्यासारखीच, करवतीने. तिच्याशेजारची माझी कण्हेरही कापली. का म्हणाल, तर मला बघायचं होतं की कापलेलं खालून फुटतं की नाही. रोज उठून ‘फुटतं’ असं स्वतःला सांगण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी बघावं.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. शिवणबाईंचं डोकं फिरलं, लेक गेल्यापासून ठिकाणावर नाही. कोणी धाकटीला कळवलं, ती तशीच तिकडून आली. अंगणात उभी राहून रडली. मी तिला म्हटलं, अगं, तू का रडतेस, तुझी कण्हेर तर तिकडे आहे. तिने मला मिठी मारली. आमचं भांडण तिथे मिटलं, एवढं तरी त्या जास्वंदीने केलं.

आज खुंटाच्या कडेने कोंब दिसले. तांदळाएवढे, हिरवे. मी जमिनीवर पालथी पडून बघत होते. धाकटी म्हणते, यावरून तिथलं काहीच ठरत नाही, ही उन्हातली जास्वंद, ती थंडीतली झुडपं. डॉक्टरांची बायकोही तेच म्हणते. मला कळतं ते. तरी मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

दुसरं असं की, मी समोरच्या बाईंना पत्र पाठवलंय. तुमच्या समोरच्या, हिरव्या कुंपणाच्या. तुम्हाला विचारून पाठवायला हवं होतं, पण तुम्हाला विचारू कसं? त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. मी तिथे असताना आम्ही खिडकीतून नुसते हात हलवायचो. एकदा त्यांनी ठकीसाठी लोकरीची टोपी आणून दिली होती. त्यांचा घरनंबर मला पाठ आहे, तुमच्यापेक्षा एकने कमी. मी चित्र काढलं. तुमचं घर, खिडकी, खिडकीसमोर तीन खुंट, खाली लांब मुळं. शेजारी एक माणूस, हातात फरशी, आणि त्याच्यावर मोठी फुली. मुळांपाशी मी छोटी हिरवी पानं काढली, म्हणजे जिवंत आहे असं कळावं. शिवणाचे नमुने काढायचा हात आहे, चित्र बरं आलं.

धाकटी म्हणाली, ‘आई, त्या बाई पोलिसांना बोलावतील.’ बोलावू देत. पोलिसांनी तरी फरशीवाल्याला थांबवावं.

ठकीची आजी


१२ एप्रिल

जावईबापू,

तुमच्याकडचं बर्फ गेलं असेल. डॉक्टरांच्या बायकोने तिकडच्या हवेचं फोनवर बघून सांगितलं. जमीन मऊ झाली असणार. म्हणजे फरशीवाला आला असणार.

मला आता काय लिहावं सुचत नाही. माझ्या तुम्हाला शिव्या देऊन झाल्या, मनातल्या मनात. विनवण्या करून झाल्या. आज भांडी घासताना माझ्या खिडकीतून ती जास्वंद दिसली, हातभर वर आलेली, आणि मला तिचा संताप आला. हिला काय गरज होती फुटायची? हिच्यावर कोणाचं काय अडलं होतं?

फरशी घातली असेल तर मला कळवू नका. नाही, कळवा. कळलं नाही तर मी अशीच पत्रं लिहीत राहीन आणि तुम्ही ती न फोडता कुठेतरी टाकत राहाल. मला कधीकधी वाटतं, तुम्ही एकही फोडलेलं नाही. मग मी हे कोणाला लिहितेय?

पोर आजारी असताना मी कागदांसाठी कचेरीच्या बाकावर बसून होते. रोज सांगायचे, आज नाही, उद्या या. तेव्हाही असंच होतं. तिकडे काहीतरी संपत चाललंय आणि मी इथे बसलेय, माझ्या हातात काही नाही. पुन्हा तेच व्हावं हे मला झेपत नाही हो.

तिने लावलेलं एक तरी राहू द्या.


३० एप्रिल

जावईबापू,

तुमचं पत्र आलं. पाकिटावर तुमचं अक्षर होतं. फोडायची हिंमत होईना, शेवटी धाकटीला फोन लावला आणि तिला ऐकवत फोडलं.

मायना नाही, खाली सही नाही. तुम्ही लिहिलंय ते मी पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मला ते खरं वाटेल. समोरच्या बाई चित्र घेऊन तुमच्या दाराशी आल्या. सोबत त्यांचा मुलगा होता, काठी घेऊन. त्यांना वाटलं, तुमच्या अंगणात कोणालातरी पुरलंय आणि त्यावर फरशी घालायचा बेत आहे. तुम्ही त्यांची समजूत घालत असताना ठकी मध्ये आली, तिने चित्र बघितलं आणि म्हणाली, हे आजीने काढलंय. मग तुम्ही ड्रॉवरमधली माझी सगळी पत्रं काढलीत आणि एका बैठकीत वाचलीत. फरशीवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याला नको म्हणून कळवलंत.

धाकटी फोनवर हसत सुटली, काठी काय, पुरलंय काय. मीही हसले. हसता हसता मला रडू फुटलं आणि तिने फोन ठेवला नाही, नुसती धरून बसली.

पुढे तुम्ही लिहिलंय, दोन खुंटांना खालून लाल कोंब आलेत. लायलॅकच्या खुंटाला काही नाही. ठकी विचारते, आजीला विचार, आता काय करायचं? आणि मग एका ओळीवर एकच शब्द: ‘काय करायचं?’

त्या शब्दावर माझा केवढा जीव जडला म्हणून सांगू. मी बॅग माळ्यावरून काढली. कागदांची मुदत अजून आहे, तेही बघितलं. तुम्हाला काय लिहायचं ते मनात तयार झालं. हे काम नाजूक असतं, फोनवर सांगून होत नाही, कोंब निवडावे लागतात, एखादा चुकीचा राहिला तर झुडूप वाया जातं, जाणत्या माणसाने रोज बघायला हवं, मी येते. असं लिहिलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात. झाडांतलं तुम्हाला काही कळत नाही.

एक पत्र तसं लिहूनही झालं. मग म्हटलं, त्यात एखादी गोष्ट तरी खरी असावी, म्हणून डॉक्टरांच्या बायकोकडे गेले. तिची घाणेरी भिंतीशी छान धरली आहे.

‘आता काय करायचं?’ मी विचारलं.

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘यंदा कात्रीच लावायची नाही.’

‘पाणी?’

‘तिथे पाऊस पडतो, आजी.’

‘खत?’

‘नको. वाढू दे आपलं आपण.’

‘पण कोणीतरी लक्ष ठेवायला नको का? जवळ असं?’

ती म्हणाली, ‘लक्ष ठेवणाऱ्याचा हातच शिवशिवतो. कोणी नसलेलं बरं.’

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. काहीही करायचं नाही. तुम्ही हात लावू नका, ठकीला लावू देऊ नका. कितीही काड्या आल्या आणि कितीही गचपण झालं तरी कापू नका. यंदा फुलं येणार नाहीत, पुढल्या वर्षीही कदाचित नाहीत, त्याने घाबरू नका. पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी आतल्या अगदी बारीक काड्या मुळापाशी काढायच्या, जाड ठेवायच्या. कुठल्या काढायच्या आणि कुठल्या नाही त्याचं चित्र सोबत जोडलंय, ठकीलाही कळेल असं काढलंय. त्याला दुसऱ्या कोणाची गरज नाही. लायलॅकचं मला सांगता येत नाही. ते उशिरा फुटतं म्हणतात, किंवा फुटणारही नाही. उन्हाळा संपेपर्यंत खुंट तसाच राहू द्या.

म्हणजे झुडपांसाठी मी यायचं काही कारण नाही. ते ‘मी येते’ लिहिलेलं पत्र मी फाडून टाकलं. बॅग अजून पलंगाखाली आहे, ती परत माळ्यावर टाकायला मला कोणीतरी माणूस लागेल.

मला तिथे काही करायचं नाही. करवत तुम्ही कुलपात ठेवा. मी अंगणात पाऊल टाकणार नाही, खिडकीच्या आतच उभी राहीन. मला ठकीला बघायचंय, आणि तुम्हालाही. त्या घरात माझ्याबरोबर माझ्या लेकीसाठी रडेल असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही.

माझी काही गरज नाही, हे मीच वर लिहून दिलंय. तरी बोलवा.

ठकीची आजी